डबल नेट

व्हिडिओ कॉल सुरू होऊन चार मिनिटं झाली होती आणि त्यातली तीन मिनिटं कल्पेश तोंड उघडं ठेवून बसला होता. तो काही बोलत नव्हता, चित्र अडकलं होतं. बळीरामने फोन आधी खिडकीशी धरला, मग दारात, मग अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली. भागूबाई पदर सावरत त्याच्या मागोमाग फिरत राहिली.

"दिसतंय का काय?"

"दात दिसतात," बळीराम म्हणाला. "मागच्या बारीपेक्षा पिवळे जालेत."

कल्पेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी तो बायकोला घेऊन नोकरीसाठी हॉलंडला गेला आणि तिथेच त्यांना मुलगी झाली. तिचं नाव रोशनी, वय साडेचार. आजी-आजोबांनी तिला आजवर फक्त फोनच्या चौकटीत पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा अडकलेलं. आता ऑक्टोबरात तिघं पंधरा दिवसांसाठी पहिल्यांदाच घरी येणार होते. परतीचं तिकीट मात्र दिवाळीच्या चार दिवस आधीचं होतं. हे कळल्यावर बळीरामने ओटीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा होतं तिथे लावलं.

चित्र अखेर हललं. "बाबा, तुमचं नेट फारच बेकार आहे," कल्पेश म्हणाला. "आणि ऐका, इथे उष्ण देशात जाणाऱ्या लोकांसाठी वेगळं क्लिनिक असतं. तिथे जाऊन आलो आम्ही."

"कंच्या उष्ण देशात जाताय तुमी?" बळीरामला धसकाच बसला. "इकडं यायचं रद्द केलं का काय?"

"इकडेच बाबा. आपल्याकडे."

बळीरामने मान वळवून अंगणाकडे पाहिलं. पेरूखाली कोंबड्या उकरत होत्या, पलीकडे गोखिवऱ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांमधून यंत्रांचा आवाज येत होता. सदुसष्ट वर्षं आपण एका उष्ण देशात राहतोय, हे त्याला आज कळलं.

"डेंगू, मलेरिया, चिकनगुनिया," कल्पेश बोटांवर मोजत होता. "घरात डासांचा नीट बंदोबस्त नसेल तर तिथे राहू नका, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय. रोशनी लहान आहे. नाहीच जमलं तर आम्ही मनवेलपाड्याला क्षितिजाच्या आईबाबांकडे राहू आणि तुम्हाला भेटायला येत जाऊ."

भेटायला येत जाऊ! मनवेलपाड्याचे व्याही चंद्रहासराव बँकेतून निवृत्त झालेले, सातव्या मजल्यावर राहणारे, आणि खिडक्यांना स्टीलची जाळी बसवल्याचं भेटेल त्याला सांगणारे. त्यांच्या फ्लॅटमध्ये पोरं राहणार आणि आपल्या घरी पाहुण्यासारखी चहा पिऊन जाणार? नातीसाठी बळीरामने घराला रंग दिला होता, मागच्या खोलीत नवा पलंग आणला होता.

"डासांचं काय कवतिक?" तो म्हणाला. "आमी याच डासांत वाढलो. तूबी वाढलास. आमाला कवा काय जालं?"

भागूबाईने त्याच्याकडे एक नजर टाकली, पण तेवढ्यात फोनवर सून आली.

क्षितिजा पोरगी गुणाची, पण शिकलेली इंग्रजीतून आणि बोलायची भरभर. "बाबा, लिहून घ्या हं. पाणी कुठेही साचू द्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेट. नेटशिवाय आम्ही एक रात्रसुद्धा राहू शकणार नाही."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बळीरामच्या घरात, त्याच्या आळीत आणि त्याच्या सबंध गोतावळ्यात, चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधून ज्याच्या आत माणसं झोपतात त्या वस्तूला 'मच्छरदानी' म्हणत. दुसरा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. 'नेट' म्हणजे जे गेलं की कल्पेशचं तोंड उघडं राहतं ते. आणि ते बेकार असल्याचं पोराने आत्ताच, स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

"नेट लावतो," बळीरामने कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. "किती?"

"दोन लागतील. एक आमच्यासाठी, एक रोशनीसाठी."

"पोरीला येगळं?"

"हो, तिला नेटशिवाय झोपवायचंच नाही असं डॉक्टर म्हणालेत. आणि भोकं बारीक हवीत हं, मोठी चालणार नाहीत. पलंगाच्या वर मधोमध टांगायचं, खाली गादीत चारी बाजूंनी नीट खोचायचं. झोपेत अंगाला टेकता कामा नये. ट्रीटेड मिळालं तर उत्तमच."

फोन बंद झाल्यावर भागूबाई कपाळाला हात लावून बसली. "साडेचार वरसाची पोर, आनि नेटबगर झोपत नाय! आपल्या कल्पेशला मी थापटून झोपवायची."

"डॉक्टरनीच सांगितलंय," बळीराम पत्रिका वाचत म्हणाला. "तिकडची रीत. आपन कोन बोलनार?"

दुसऱ्या दिवशी त्याने मर्विनला बोलावलं. मर्विन हा त्या भागातला केबल आणि इंटरनेटवाला. 'नाही' हा शब्द धंद्याला मारक असतो असं मानणारा माणूस.

"दोन नेट पायजेत," बळीराम म्हणाला. "ट्रीटेड हायत का तुज्याकडं?"

मर्विन जेमतेम एक क्षण थांबला. "काका, आपल्याकडे सगळं ट्रीटेडच आहे."

"भोकं बारीक पाडायची."

"बारीकच पाडतो."

"आनि डबा पलंगावर टांगायचा. मधोमध. वायर गादीखाली खोचायची, चारी बाजूंनी."

आता मात्र मर्विनने ड्रिल खाली ठेवलं. "काका, राउटर भिंतीला लावतात."

"हॉलंडला टांगतात."

"असेल," मर्विन विचार करून म्हणाला. "तिकडे भिंती लाकडाच्या असतात ना."

मर्विनने भिंतीला इतकं बारीक भोक पाडलं की त्यातून वायर गेली, पण वायरच्या टोकाचा जॅक काही जाईना. भोक मोठं करायला बळीराम तयार नव्हता, कारण पत्रिकेवर तसं स्पष्ट लिहिलं होतं. मग मर्विनने खिडकीचा मार्ग धरला. खिडकीला कल्पेशच्या लग्नात बसवलेली जाळी होती. तिचा खालचा कोपरा त्याने पक्कडीने कापून, वाकवून, दोन्ही वायरी आत घेतल्या. वायरी बोटाएवढ्या, कोपरा चांगला ओंजळभर मोकळा. खिडकीची काचही आता पूर्ण लागेना, पण लोक इकडे येतात ते हवा खायलाच, असा मर्विनने निर्वाळा दिला. पंख्याच्या शेजारच्या हुकाला, पूर्वी जिथे कल्पेशचा पाळणा टांगलेला असायचा, तिथे एक राउटर लोंबू लागला. दुसरा त्याच्या बाजूला. दोघांचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा भागूबाईने नकळत हात जोडले.

मग उरला पाण्याचा मुद्दा. त्यांच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून घरात तीन पिंपं कायम भरलेली असत. पाणी साचू द्यायचं नाही म्हटल्यावर बळीरामने पोरं यायच्या दिवशी सकाळी तिन्ही पिंपं उलटी केली, घागरी पालथ्या घातल्या आणि भागूबाईने विळी परजून अडवलं म्हणून माठ तेवढा वाचला. अकरा वाजता लक्षात आलं की आज नळाचा दिवस नाही. विमानातून उतरलेल्या माणसांनी अंघोळ कशाने करायची? घाईघाईने टँकर मागवला. टँकरवाल्याने पाइप लावला, पालथं पिंप कुणी सुलटं केलंय का हे न बघता कॉक सोडला, आणि अर्धा टँकर अंगणात ओतला गेला.

चार वाजता पोरांची गाडी दारात थांबली. क्षितिजाने गाडीतून पहिलं पाऊल टाकलं ते घोटाभर पाण्यात.

"बाबा," ती खाली बघत म्हणाली, "हे काय?"

"साचलेलं नाय," बळीराम घाईने म्हणाला. "आत्ताच आलंय."

पण रोशनी उतरली आणि सगळं क्षणभर विसरायला झालं. फोनमधली पोर खरोखरच्या दोन पायांवर उभी होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार, मोजे. अंगाला कसल्याशा मलमाचा लिंबासारखा वास. बळीरामने हात पुढे केला तशी ती आईच्या मागे लपली आणि तिथूनच म्हणाली, "तुम्ही हलता."

"म्हंजे?"

"फोनमध्ये तुम्ही हलत नाही."

बळीरामला हसावं की रडावं कळेना. त्याने हसणं पसंत केलं, पण डोळ्यांनी ऐकलं नाही.

चहा झाला, आणि क्षितिजा म्हणाली, "नेट बघू या का बाबा? अंधार पडायच्या आत लावलेलं बरं." बळीराम याच क्षणाची आठ दिवस वाट पाहत होता. त्याने मागच्या खोलीचं दार नाटकातल्या पडद्यासारखं उघडलं. पलंगाच्या वर मधोमध दोन राउटर टांगलेले होते. त्यांच्या वायरी खाली येऊन गादीखाली चारी बाजूंनी, भागूबाईने अगदी सुबक, खोचलेल्या होत्या.

हिरवे दिवे लुकलुकत राहिले.

"अंगाला टेकत नाय," बळीरामने खात्री दिली. "मी झोपून बघितलंय."

कल्पेश आधी गादीकडे, मग छताकडे, मग बापाकडे बघत राहिला आणि एकदम मटकन खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले. भागूबाईला वाटलं पोराला घेरी आली, तिने पाणी आणलं. "आये," तो कसाबसा म्हणाला, "ती मच्छरदाणी सांगत होती! डासांचं औषध लावलेली मच्छरदाणी!"

"मंग मच्छरदानी बोलायचं ना!" बळीराम ओरडला. "नेट काय नेट?"

क्षितिजालाही हसू आवरत नव्हतं, पण तिची नजर खिडकीवर गेली आणि हसू थांबलं. कापलेल्या कोपऱ्यातून एक डास आरामात आत येत होता. त्याच्या मागे दुसरा. सव्वापाच वाजले होते, तासाभरात दिवेलागण. तेवढ्यात चंद्रहासरावांचा फोन आला. आवाज मोठा असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "क्षितिजा, गाडी पाठवू का? इथे सगळं तयार आहे. एक डास दाखवून दे, बक्षीस देतो."

क्षितिजाने बळीरामकडे पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. "थोड्या वेळाने सांगते बाबा," ती फोनमध्ये म्हणाली. मग बळीरामकडे वळून हळू आवाजात, "बाबा, मला इथेच राहायचंय हो. पण उघड्यावर तिला नाही झोपवणार मी."

बळीरामने स्कूटर काढली. स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानदाराने मान हलवली, दुसऱ्याने वर व्याख्यानही दिलं. "मोठी साइज आता ठेवत नाही काका. सगळ्यांच्या खिडक्यांना जाळ्या आल्या, मच्छरदाणी घेतं कोण? उद्या मागवतो." शेवटी तिसऱ्याकडे एक मिळाली, ती तान्ह्या बाळाची, छत्रीसारखी उघडणारी. ती घेऊन तो धापा टाकत घरी आला. रोशनीला तिच्याखाली झोपवून पाहिलं. गुडघ्यापर्यंत पोर आत, पुढची बाहेर.

"डास फक्त पाय खातील," रोशनी शांतपणे म्हणाली.

कल्पेशने बॅग उचलली. बळीराम ओटीच्या पायरीवर बसला. अंगणातलं पाणी अजून जिरलं नव्हतं, त्यात आभाळ लाल दिसत होतं. याच वेळी पूर्वी घमेल्यात नारळाची सोडणं आणि कडुनिंबाचा पाला पेटायचा. पुढे खाडीपर्यंत नुसती भातं, बेडकांचा गलका, आणि धुराने डोळे चोळत अंगणात गोल गोल धावणारा कल्पेश. सरकारी दवाखान्यातला हिवतापवाला यायचा खाकी पिशवी घेऊन. बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, फवारणी झाली की दारावर तारीख लिहून जायचा, आणि तो दिसला रे दिसला की आळीतली सगळी पोरं गवताच्या उडवीमागे पसार व्हायची. आता भातांच्या जागी गाळे होते, आणि ते पोर बॅग उचलून व्याह्यांकडे निघालं होतं.

"थांबा जरा," मागून भागूबाईचा आवाज आला.

परसात कोंबडीच्या पिल्लांवर कावळे येऊ नयेत म्हणून तिने तीन वर्षांपासून एक जुनी मच्छरदाणी घातलेली असायची. ती तिने ओढून आणली होती. पिल्लं तिच्या पायांमागून चिवचिवत येत होती, त्यांचं छप्पर गेलं होतं. भागूबाईने टँकरच्या पाण्यात ती दोनदा चोपून धुतली, क्षितिजाने केस वाळवायचं यंत्र लावलं, आणि ओली-सुकी मच्छरदाणी ओटीवर पसरली तेव्हा तिच्यात एकोणीस भोकं निघाली.

"बारीक नाहीत," क्षितिजा म्हणाली.

"शिवू," भागूबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

कल्पेशने बॅग खाली ठेवली. त्याने मच्छरदाणीचा एक कोपरा हातात घेतला. तिथे निळ्या चौकड्यांच्या कापडाचं ठिगळ होतं. "हा माझा शाळेचा शर्ट!" तो म्हणाला. "आणि हे भोक मी पाडलं होतं. कात्रीने. मांजराला आत घ्यायला."

"आनि मांजर आलं नाय, डास आले," भागूबाई म्हणाली. "मार खाल्लास त्याचा."

"आणि हे?" क्षितिजाने एका काळपट कडेच्या भोकावर बोट ठेवलं.

"ते यांच्या बिडीचं." बळीरामने दुसरीकडे पाहिलं.

"आणि हे हिरवं ठिगळ?"

भागूबाईची सुई थांबली. "ते माज्या लुगड्याचं. कल्पेश पाच वरसाचा होता तवाचं. हिवताप जाला होता त्याला. तीन गोधड्या टाकल्या तरी पोर हाललं की पलंग वाजायचा. धा दिवस त्याला आत ठेवलं, आनि तवाच नेमकी ही फाटली. दुसरं कापड शोधायला येळ नव्हता, नेसूचं फाडलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आनि हे बोलतात, आमाला कवा काय जालं! रातभर भिंतीला टेकून रडत होते."

खरं तर बळीराम ते विसरला नव्हता. विसरल्याचं सांगत आला होता, कारण आठवलं की अजून झोप उडायची.

क्षितिजाने भागूबाईच्या डब्यातून दुसरी सुई घेतली. तिला शिवणकाम अजिबात येत नव्हतं. पण भोक बुजत होतं. कल्पेशने खिडकीच्या कोपऱ्यात फडकी कोंबून वर चिकटपट्टी मारली, बळीरामने अंगणातलं पाणी खराट्याने लोटलं आणि घमेल्यात सोडणं पेटवली. धूर ओटीवर आला तशी क्षितिजा खोकू लागली. कल्पेश मात्र तिथेच डोळे मिटून उभा राहिला आणि त्याने चांगला छातीभर धूर आत घेतला. हॉलंडच्या डॉक्टरने हे पाहिलं असतं तर त्याला तिथल्या तिथे दाखल केलं असतं.

दिवे लागले तेव्हा मच्छरदाणी टांगलेली होती. दोन दोऱ्या खिडकीच्या गजांना, एक कपाटाच्या कडीला आणि चौथी राउटरच्या हुकाला. रोशनीने आत जाऊन मांडी घातली आणि आजोबांना जाळीतून जाहीर केलं, "हे माझं घर आहे. तुम्ही बाहेर राहता." क्षितिजाने वडिलांना फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. सातव्या मजल्यावरचं बक्षीस तसंच राहिलं.

ते दिवस कसे गेले ते बळीरामला कळलं नाही. डबल नेटचा असाही फायदा झाला की कल्पेश काही दिवस ऑफिसचं काम पलंगावर बसूनच करत असे. "हॉलंडमध्येसुद्धा एवढं फास्ट नाही," असं तो एकदा म्हणाला, तेव्हापासून मर्विन बळीरामच्या घरावरून जाताना मान थोडी वर करून जाऊ लागला. क्षितिजा रोज सकाळी सगळ्यांना मलम वाटायची.

"बाबा, डेंगूचे डास दिवसा चावतात. लावा."

"दिवसा?" बळीराम म्हणे. "आमच्या टायमाला डासांना शिस्त होती. दिवे लागल्याबगर यायचे नाय." मलमाची ट्यूब तो कपाटात ठेवून द्यायचा, एवढी चांगली वस्तू रोज काय वापरायची म्हणून. अंगात अर्ध्या बाह्यांची बनियन, हातात खराटा, असा तो नातीच्या मागे परसभर फिरायचा. तिने पिल्लांना नावं दिली, ती सगळी डच होती. ती नावं त्याला उच्चारता येईनात, पिल्लं मात्र यायला लागली.

आणि कॅलेंडरवरचे दिवस कमी होत गेले. तेराव्या दिवशी क्षितिजाने बॅगा बाहेर काढल्या. बळीराम त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी अंग तापलं, हाडं दुखू लागली, आणि भागूबाईने कपाळाला हात लावला तो चटकन मागे घेतला.

घरात एकच धावपळ उडाली. बळीरामला मच्छरदाणीत घातलं. रोशनी आता बाहेर आणि आजोबा आत. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधली इनेझ घरी येऊन रक्त घेऊन गेली. बळीरामने लहानपणीसारखंच तोंड फिरवलं. "रिपोर्ट उद्या," ती म्हणाली. त्या उद्याच्या मध्यरात्रीनंतर विमान होतं.

दुसरा दिवस उजाडला आणि बळीराम जागा झाला तो एकदम लख्ख. ताप नाही, दुखणं नाही, आणि भूक अशी की विचारू नका. त्याने उठून बसायला पाय खाली सोडले आणि समोर भिंतीशी रांगेत लावलेल्या तीन बॅगा दिसल्या. त्याने पाय पुन्हा वर घेतले. भागूबाईने आणलेली पेज त्याने दोन घोट घेऊन बाजूला सारली, आणि ती आत गेल्यावर तळापर्यंत संपवली.

अकराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. इनेझ होती.

"काका, बरं वाटतंय का आता? खूश असाल ना! डेंगू नाही, मलेरिया नाही, साधा ताप आहे. एक-दोन दिवसांत उठून फिरायला लागाल."

बळीरामने फोन कानाशी घट्ट धरला. "मंग रिपोर्ट घ्यायला कवा येऊ?"

"यायचं कशाला? कल्पेशला पाठवला ना सकाळी आठ वाजता. त्याने बघून थँक्यूपण लिहिलं."

बळीराम काही बोलणार तोच ओटीवरून कल्पेशचा आवाज आला. तो क्षितिजाशी बोलत होता. "नाही ग, रिपोर्ट अजून आलाच नाही. लॅबवाल्यांचं असंच असतं. आता बाबांना या अवस्थेत टाकून कसं निघायचं? मी ऑफिसला कळवलंय आणि तिकिटं पुढची करून घेतली. दिवाळी झाल्यावरची."

"बरं केलंस," क्षितिजा म्हणाली. "मग आईंना विचारते, करंज्या कधी करायच्या."

बळीरामने फोन उशीखाली सारला आणि चादर गळ्यापर्यंत ओढली. कल्पेश आत आला. त्याने मच्छरदाणी उचलून आत हात घातला आणि बापाच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार होतं. कल्पेशने हात बराच वेळ तिथेच राहू दिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"ताप आहे अजून," कल्पेश म्हणाला.

"हाय ना," बळीराम क्षीण आवाजात म्हणाला. "लय हाय."

"दिवाळीपर्यंत उतरेल असं वाटत नाही."

"नाय," बळीराम म्हणाला आणि कूस बदलली, "नाय उतरनार."